परस्पर आमंत्रण: बोलायची पाळी हातोहात देणारी बैठक-पद्धत

‘कोणाला काही बोलायचंय का?’ वेगवेगळ्या देशांतली आणि भाषांतली माणसं चर्चच्या मंडळीच्या एका बैठकीत बसलेली असताना हा प्रश्न टाकला, की बैठक तिथेच एका बाजूला कलते. न विचारता बोलणं ही ज्यांच्याकडची रीत, ते लगेच सुरू होतात. वडीलधाऱ्यांसमोर बोलावल्याशिवाय तोंड उघडू नये असं जे शिकले, ते वाट बघत बसतात. पहिल्यांना वाटतं, यांची संमतीच आहे. दुसऱ्यांना वाटतं, आपल्याला कोणी विचारलंच नाही. आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं लिहिलं जातं.

परस्पर आमंत्रण ही पद्धत नेमकी या दुखण्यावर आहे. ती एरिक लॉ यांनी १९९३ साली पुस्तकातून मांडली. लॉ हाँगकाँगमध्ये जन्मले, किशोरवयात अमेरिकेत आले आणि एपिस्कोपल चर्चचे पाळक झाले. म्हणजे वाट बघणारे आणि लगेच बोलणारे, दोन्ही बाजू त्यांनी आतून पाहिल्या होत्या. पुढे त्यांनी कॅलिडोस्कोप इन्स्टिट्यूट काढली, तिच्या प्रशिक्षणातही ही पद्धत गाभ्याशी आहे. एपिस्कोपल चर्च ही इंग्लंडच्या चर्चमधून वाढलेल्या जगभरच्या अँग्लिकन परिवारातली अमेरिकेतली शाखा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-संघांच्या एकीकरणातून उभी राहिलेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हीसुद्धा त्याच परिवारात आहे. त्यामुळे मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरच्या धर्मप्रांतातल्या (बिशपच्या अखत्यारीतल्या भागातल्या) पंचकमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीला, ही पद्धत परक्याच्या घरची नाही.

आमचं मत आधीच सांगतो: पाचपैकी चार. वापरायला खर्च नाही, साहित्य लागत नाही, शिकायला दहा मिनिटं पुरतात. एक गुण कापला तो दोन कारणांसाठी. मराठीत ती जशीच्या तशी उतरवली तर तीन ठिकाणी अडते. आणि काही बैठकांत ती वापरणं धोक्याचं आहे, हे तिचं एक पानी सूचनापत्रक वाचून कळत नाही.

पद्धत अशी. सगळे गोल बसतात. टेबल नको, कारण टेबलाला मानाचं टोक असतं आणि त्या टोकाशी कोण बसणार हे आधीच ठरलेलं असतं. बैठक चालवणारा प्रश्न सांगतो आणि पहिलं उत्तर स्वतः देतो. त्याचं झालं की तो गोलातल्या कोणाही एकाला बोलावतो. शेजारच्यालाच बोलवायचं असं नाही. ती व्यक्ती बोलते आणि पुढच्याला बोलावते. ज्याची तयारी झालेली नाही तो ‘आत्ता नको, नंतर’ म्हणतो आणि पुढचं आमंत्रण देतो. ज्याला बोलायचंच नाही तोही तसं सांगतो आणि पुढचं आमंत्रण देतो. मधे कोणी प्रश्न विचारायचा नाही, आपलं म्हणणं जोडायचं नाही, खोडून काढायचं नाही. सगळ्यांना एकदा बोलावून झालं, की ‘नंतर’ म्हणालेल्यांना पुन्हा बोलवायचं.

यातला सगळ्यात मोलाचा तुकडा पटकन नजरेतून सुटतो. न बोलणाऱ्याकडेही आमंत्रण देण्याचा अधिकार येतो. पुढे कोण बोलणार हे ठरवणं हीच बैठकीतली खरी सत्ता, आणि ती दर तीन मिनिटांनी हात बदलते. अध्यक्षाने हात वर केलेल्यांतून एकेकाला निवडणं किंवा घड्याळाच्या दिशेने पाळी फिरवणं याला पर्याय म्हणून सुचवलं जातं, पण दोन्हींत हे होत नाही. पहिल्यात सत्ता अध्यक्षाकडेच राहते, दुसऱ्यात ती कोणाकडेच नसते, आणि आपली पाळी जवळ येते तसं माणूस ऐकणं सोडून मनात वाक्यं जुळवू लागतो.

हे का चालतं याचं एक स्पष्टीकरण गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाच्या ‘सत्ता-अंतर’ निर्देशांकात मिळतं. आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून त्यांनी तो काढला. आकडा जितका मोठा, तितकं वरिष्ठ-कनिष्ठ हे अंतर लोक स्वाभाविक मानतात. भारताचा आकडा ७७, अमेरिकेचा ४०, ब्रिटनचा ३५. मुंबई, न्यूयॉर्क आणि डर्बी या तीन धर्मप्रांतांची माणसं एका खोलीत बसली तर हे तिन्ही आकडे तिथे हजर असतात. हे उदाहरण कल्पनेतलं नाही. अँग्लिकन परिवाराच्या ‘कंटिन्युइंग इंदाबा’ (इंदाबा हा झुलू शब्द, अर्थ एकत्र बसून केलेली चर्चा) या उपक्रमात याच तीन धर्मप्रांतांची गाठ घालून दिली होती. अर्थात हा आकडा देशाचा असतो, माणसाचा नव्हे. मुंबईतली एखादी शिक्षिका डर्बीच्या शांत शेतकऱ्यापेक्षा मोकळी बोलेल. म्हणूनच आकडा बघून ‘भारतीय सदस्य लाजाळू असतात’ असं ठरवू नये. पद्धत सगळ्यांना सारखी लावावी, म्हणजे कोणाला ‘मदतीची गरज आहे’ असा शिक्का बसत नाही.

वेळेचा हिशेब आधी करा. पद्धत अर्ध्यात सोडावी लागते ती जवळजवळ नेहमी यामुळेच. आठ माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे २४. प्रत्येक पाळीनंतर अर्धा मिनिट शांतता, म्हणजे ४. सुरुवातीच्या सूचना ५. झाली ३३ मिनिटं. वाक्यामागून वाक्य भाषांतर करणारा दुभाषी असेल तर बोलण्याचा वेळ दुप्पट धरायचा: ४८, ४ आणि ५ मिळून ५७. याचा अर्थ दुभाष्यासह तासाभराच्या बैठकीत एकच प्रश्न बसतो. दोन प्रश्न कोंबले तर शेवटच्या तिघांना ‘थोडक्यात सांगा’ असं सांगायची वेळ येते, आणि शेवटचे तिघे कोण असतात हे पुढे येईलच. सोळा माणसं असतील तर एक मोठा गोल करू नका, आठ-आठचे दोन करा. २००८ च्या लॅम्बेथ परिषदेतही, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या संमेलनातही, बिशपांचे बायबल अभ्यासाचे गट आठ-आठचेच होते, आणि असे पाच गट मिळून चाळीस जणांचा इंदाबा व्हायचा. आठाच्या पुढे माणसं चेहरे विसरतात, कोण राहिलं ते लक्षात राहत नाही.

आता बिघाड कुठे होतो ते.

पहिला बिघाड चालवणाऱ्याकडूनच होतो. तो जितका वेळ बोलेल तितका वेळ पुढचे बोलतात, आणि तो जितका खोल जाईल तितकेच पुढचे जातात. त्याने सात मिनिटं मंडळीचा इतिहास सांगितला तर गोल संपेपर्यंत इतिहासच ऐकायला मिळेल. त्याने अडीच मिनिटांत स्वतःला अवघड गेलेली एक गोष्ट सांगितली तर बाकीचेही मनातलं काढतात. चालवणाऱ्याने आपलं उत्तर आदल्या दिवशी घड्याळ लावून म्हणून बघावं.

दुसरा बिघाड नावाचा, आणि तो खास आपल्याकडचा. इंग्रजी सूचनेप्रमाणे समोरच्याला नावाने बोलवायचं असतं. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी बिशपलाही पहिल्या नावाने हाक मारली तर फारसं वावगं वाटत नाही. मराठी मंडळीत नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीने सासऱ्यांना, किंवा तरुण संघाच्या पोराने बिशपसाहेबांना नाव घेऊन बोलवावं अशी अपेक्षा ठेवली तर ती दोघं सरळ समवयस्काकडे वळतात आणि पद्धतीचा हेतूच हरतो. उपाय सोपा आहे. नात्याने किंवा पदाने बोलवा: काका, मावशी, ताई, पाळकसाहेब. हाताचा तळवा उघडा ठेवून त्या दिशेने करा, बोट दाखवू नका. गोलात तीन काका असतील तर ‘खिडकीजवळचे काका’ चालतं. परदेशी पाहुणे असतील तर त्यांना ही रीत सुरुवातीलाच समजावून सांगा. नाहीतर त्यांना वाटतं की आपल्याला नावाने बोलावलं आणि काकांना मानाने, म्हणजे आपला मान कमी केला.

तिसरा बिघाड ‘पास’ या शब्दाचा. इंग्रजीत तो पत्त्यांच्या डावातला आहे, हलका आहे. मराठीत पास म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण. त्याजागी ‘मला काही बोलायचं नाही’ असं सुचवलं तर ते रुसल्यासारखं ऐकू येतं, आणि बाकीचे ‘अहो, असं कसं, बोला की दोन शब्द’ म्हणून आग्रह करू लागतात. आग्रह ही आपल्याकडची माया खरी, पण इथे ती माणसाला कोंडीत पकडते. ‘मी ऐकतोय, पाळी पुढे देतो’ हे वाक्य आम्हाला सगळ्यात बरं वाटतं. त्यात नकार आहे, पण पाठ फिरवणं नाही. आणि आग्रह करायचा नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, अगदी त्याच शब्दांत: ‘आज आग्रह नाही.’

चौथा बिघाड सगळ्यात खोल आहे, आणि पद्धतीच्या एक पानी सूचनांत त्याचं उत्तर नाही. आमंत्रण मोकळं दिलं तरी माणसं ते जुन्या उतरंडीनेच देतात. आधी पाळक, मग पंच, मग पुरुष, मग शिकलेल्या स्त्रिया. मुंबईतल्या एखाद्या चर्चच्या एकाच आवारात मराठी, इंग्रजी, तमिळ आणि हिंदी उपासना होत असतील, तर संयुक्त बैठकीत इंग्रजी उपासनेची माणसं आधी बोलावली जातात. शेवटी उरतात ती तरुण पोरं, खेड्यातून आलेले, घरकाम करणाऱ्या बाया. मराठी ख्रिस्ती समाजात दलित घरांतून आलेली माणसं मोठ्या संख्येने आहेत, आणि हा क्रम कुठे जाऊन पोचतो हे त्यांना सांगावं लागत नाही. यावर एकच उपाय टिकतो. चालवणाऱ्याने कागदावर फक्त क्रम लिहायचा, बोललेलं काही नाही. सलग तीन बैठकांचे क्रम शेजारी ठेवायचे. तीच नावं तळाशी दिसली तर चौथ्या बैठकीत चालवणाऱ्याने पहिलं आमंत्रण त्यांच्यापैकी एकाला द्यायचं, आणि हा कागद कोणाला दाखवायचा नाही. तो चारचौघांत वाचून दाखवला तर ज्यांच्या बाजूने आपण उभे आहोत त्यांचीच मान खाली जाते.

पाचवा, ‘आमेन’चा. मधे बोलायचं नाही म्हटल्यावर काही चालवणारे ‘आमेन’ आणि ‘प्रभूची स्तुती असो’ यांनाही चाप लावतात. असं करू नका. आफ्रिकी-अमेरिकी मंडळ्यांत श्रोत्यांनी साद देणं हा ऐकण्याचाच भाग आहे. आपल्याकडे कीर्तनात टाळकरी मधे साथ देतो, तो काही कीर्तनकाराला अडवत नाही. टाळायचं ते प्रश्न आणि उत्तर, दाद नव्हे.

दुभाष्याबद्दल दोन गोष्टी. दुभाषी बोलणाऱ्याच्या शेजारी बसावा, चालवणाऱ्याच्या नव्हे, नाहीतर सगळे चालवणाऱ्याकडे बघून बोलू लागतात. आणि तो मंडळीचाच सदस्य असेल तर त्याची स्वतःची पाळी वेगळी धरा. दोन तास दुसऱ्यांच्या तोंडून बोलून घरी रिकामा गेलेला दुभाषी पुढच्या वेळी येत नाही.

प्रश्न कसा हवा, यावर निम्मं यश आहे. ज्याचं उत्तर अनुभवातून देता येतं, वाचनातून नव्हे, असा प्रश्न हवा. ‘मिशनरी काळाचा आपल्या संस्कृतीवर काय परिणाम झाला?’ हा वाईट प्रश्न. त्यावर ज्याने पुस्तकं वाचली तो व्याख्यान देतो, बाकीचे गप्प बसतात. ‘कोणतं गीत सुरू झालं की हे चर्च आपलं आहे असं वाटतं?’ हा चांगला प्रश्न. याचं उत्तर पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं म्हणणारी आजी देऊ शकते, ऑर्गनवरची इंग्रजी गीतं ऐकत मोठा झालेला देऊ शकतो आणि तमिळ उपासनेतला तरुणही देऊ शकतो. शिवाय उपासनेत कोणती गीतं घ्यायची हा वादाचा विषय कोणालाही न दुखावता टेबलावर येतो. एका वेळी एकच प्रश्न ठेवा. ‘आणि’ जोडलेले दोन प्रश्न टाकले की निम्मे पहिल्याला उत्तर देतात, निम्मे दुसऱ्याला.

या पद्धतीवर उभारलेला बायबल अभ्यास हा आमच्या मते तिचा सगळ्यात सुंदर वापर. अँग्लिकन वर्तुळांत याच्या एका रूपाला आफ्रिकन बायबल अभ्यास म्हणतात. तोच उतारा तीनदा वाचायचा, दर वेळी वेगळ्या आवाजात, आणि गट मिश्र असेल तर वेगळ्या भाषेत. पहिल्या वाचनानंतर मिनिटभर शांतता, मग प्रत्येकाने मनात राहिलेला एकच शब्द किंवा वाक्प्रचार सांगायचा, कारण द्यायचं नाही. दुसऱ्या वाचनानंतर: हा उतारा माझ्या जगण्याला कुठे लागतो? तिसऱ्यानंतर: देव मला काय करायला बोलावतोय? शेवटी प्रत्येकाने उजवीकडच्या माणसासाठी प्रार्थना करायची, त्याने सांगितलेलं आठवून. आठ जणांत पन्नास मिनिटांत बसतं. मराठी वाचनासाठी एकच भाषांतर ठरवून ठेवा. दोन भाषांतरं हातात असली की शब्द सांगण्याच्या पहिल्याच फेरीत ‘माझ्याकडे असं लिहिलेलं नाही’ सुरू होतं. आणि अक्षरओळख नसलेल्यांना इथे काहीच अडचण येत नाही, कारण सगळं कानाने चालतं. उतारा दहा-बारा ओव्यांपेक्षा मोठा नको.

पद्धतीसोबत येणारे सात संवाद-नियम मात्र अनुवादात लंगडतात. इंग्रजीत त्यांची आद्याक्षरं जुळून ‘आदर’ या अर्थाचा शब्द होतो. तो खेळ मराठीत आणायच्या नादात वाक्यं वेडीवाकडी होतात. खेळ सोडा, आशय घ्या: आपल्या बोलण्याची आणि भावनांची जबाबदारी आपण घ्यायची, दोष दुसऱ्यावर ढकलायचा नाही, समोरच्याच्या जागी जाऊन ऐकायचं, बोलण्याच्या ढबी वेगळ्या असतात हे ध्यानात ठेवायचं, ऐकलेलं मनात मुरू द्यायचं, मग बोलायचं, आपली गृहीतं तपासायची, इथलं बोलणं इथेच ठेवायचं, आणि सगळं आजच उलगडलं नाही तरी धीर धरायचा, कारण कोण बरोबर हे ठरवायला आपण बसलेलो नाही. यातला सहावा, इथलं बोलणं इथेच ठेवण्याचा नियम छोट्या गावात तसाच चालत नाही. जिथे मंडळीतली निम्मी माणसं एकमेकांची सोयरी आहेत तिथे ‘काहीही बाहेर सांगू नका’ कोणी पाळत नाही, आणि न पाळलेला नियम उरलेल्या सहांनाही पोकळ करतो. त्याऐवजी स्पष्ट सांगा: विषय घरी सांगा, नाव सांगू नका.

आता जिथे ही पद्धत वापरू नये ते. निर्णय घ्यायला ती बनलेलीच नाही. आठ जणांनी आठ गोष्टी सांगितल्या म्हणजे ठराव झाला असं नव्हे. निर्णयासाठी युनायटिंग चर्च इन ऑस्ट्रेलियाची रंगीत कार्डं जास्त बरी: नारिंगी म्हणजे पटतंय, निळं म्हणजे पटत नाही. जागतिक चर्च परिषदेनेही ती स्वीकारली. भाषा कच्ची असलेल्यालाही कार्ड उचलता येतं. पण कार्ड उचलणाऱ्याचं कारण कळत नाही, म्हणून आधी आमंत्रणाची फेरी आणि दुसऱ्या दिवशी कार्डं, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. २०२२ च्या लॅम्बेथ परिषदेत बिशपांच्या हाती मत नोंदवायची यंत्रं दिली होती, ती पहिल्याच प्रयोगानंतर बाजूला ठेवून तोंडी संमतीवर यावं लागलं. आधी ऐकण्याची जागा नसेल तर मोजणी लोकांना अविश्वासाची वाटते.

आणि जिथे कोणावर अन्याय झाला आहे, जिथे पैशाचा अपहार किंवा लैंगिक छळाची तक्रार आहे, तिथे तक्रार करणारी व्यक्ती आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती एका गोलात कधीही बसवू नका. इथे ‘मधे बोलायचं नाही’ हा नियम अन्याय करणाऱ्याला तीन मिनिटांचं संरक्षण देतो, आणि आमंत्रण त्याच्या हातून पीडितेला जाऊ शकतं. अशा प्रकरणाला चौकशी लागते, गोल लागत नाही.

झूमवर करायचं असेल तर गोल दिसत नाही, म्हणून चालवणाऱ्याने सगळ्यांची नावं चॅटमध्ये लिहून ठेवावीत आणि झालेल्या नावापुढे खूण करावी. माइक सुरू करायला प्रत्येक पाळीमागे आणखी अर्धा मिनिट धरा. खेड्यातून फोनवर जोडलेल्यांना पहिल्या तीन पाळ्यांत आमंत्रण मिळेल असं बघा, नंतर रेंज जाते.

चालवणाऱ्याने वाचून दाखवायचा मराठी मजकूर आम्ही असा सुचवतो. मोठ्या अक्षरांत अर्ध्या पानावर बसतो: ‘आज सगळ्यांना बोलायची संधी मिळावी म्हणून आपण असं करू. आधी मी बोलेन. मग मी तुमच्यापैकी एकाला बोलावेन. त्यांचं झालं की ते पुढच्या कोणालाही बोलावतील, शेजारीच असावं असं नाही. तयारी नसेल तर “आत्ता नको, नंतर” म्हणा. बोलायचं नसेल तर “मी ऐकतोय, पाळी पुढे देतो” म्हणा. दोन्ही वेळी पुढचं आमंत्रण तुम्हीच द्यायचं. आज आग्रह नाही. मधे प्रश्न नाहीत. आपण शेवटच्या माणसापर्यंत जाणार आहोत.’

फेरी संपल्यावर इतिवृत्त लिहिणाऱ्याने दोन रकाने आखावेत. उजवीकडे बोलणाऱ्याच्या भाषेतलं त्याचं एक वाक्य, डावीकडे इंग्रजी किंवा हिंदी अर्थ, नावं कुठेच नाहीत. ‘सर्वानुमते’ हा शब्द त्या पानावर लिहू नये. पान पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला दोन्ही भाषांत वाचावं, आणि कोणी ‘मी असं म्हणालो नव्हतो’ म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करावं.